ट्रिपलेट आणि स्विंग ड्रम्सवर पक्के बसवायचे असतील तर

स्ट्रेट बीट (बीटचे सारखे दोन किंवा चार भाग) मस्त वाजतो, रॉक, पॉप, फंक सगळं हाताखालून गेलंय, पण शफल (लांब-आखूड नोटांची झुलती चाल) लावला की दोन-चार बार (चार बीटचा एक बार) होत नाहीत तोच हात परत स्ट्रेटवर येतो, ही तक्रार खूप ड्रमर्सची असते. त्यावर सल्ला काय मिळतो, तर "भरपूर ऐक, फील आपोआप येईल". ऐकायला तर हवंच, त्याला पर्याय नाही, पण हातापायांनी फील बसवायचा पण एक सरळ रस्ता आहे आणि तो सगळा एकाच नोटभोवती फिरतो, जी स्विंगमध्ये (शफल आणि जॅझच्या याच झुलत्या फीलमध्ये) बऱ्याचदा वाजतच नाही.

म्हणजे बघा, एका बीटचे तीन सारखे भाग केले की झाली ट्रिपलेट. तबल्यात याला तिस्र जाती म्हणतात, त्यामुळे मोजायला मी तिथलेच बोल घेतो, "त कि ट", जिभेवर पटकन बसतात आणि कितीही फास्ट केलं तरी अडखळत नाहीत. आता यातला "कि" गाळा, फक्त "त" आणि "ट" वाजवा, हाच शफल. वाजणाऱ्या नोटा दोनच आहेत पण दुसरी नेमकी कुठे पडणार हे तो न वाजलेला "कि" ठरवतो. तो डोक्यात चालू असेल तर "ट" आपल्या जागी पडतो. तो सुटला की "ट" लवकर लवकर येत बीटच्या बरोबर मध्यावर येतो आणि सगळं स्ट्रेट होऊन जातं, नाहीतर उलटं होतं, "ट" इतका उशिरा येतो की पुढच्या बीटला चिकटतो आणि घोडा दौडल्यासारखं ऐकू यायला लागतं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं हा "कि" पक्का करण्यासाठीच आहे.

पहिले काही दिवस स्टिक हातात घेऊच नका. मेट्रोनोम ६० बीपीएमला (मिनिटाला ६० बीट) लावा, पायाने बीट धरा, तोंडाने सलग "त कि ट, त कि ट" म्हणा, तिन्ही अक्षरं एकसारख्या अंतरावर. मग टाळी वाजवा, आधी फक्त "त" वर, ते कुणालाही जमतं. मग फक्त "ट" वर. आणि शेवटी फक्त "कि" वर. इथे भल्याभल्यांचा पाय टाळीच्या मागे पळायला लागतो, आणि तेच तर बघायचंय, की पाय आपल्या जागी राहतो का. बोलणं बंद न करता मिनिटभर "कि" वर टाळी नीट पडली की मगच प्रॅक्टिस पॅडवर जायचं. हे बालवाडीसारखं वाटेल पण प्लीज स्किप करू नका, कारण जे तोंडाने म्हणता येत नाही ते हाताने फार वेळ टिकत नाही.

पॅडवर साधे सिंगल स्ट्रोक घ्या, उजवा डावा उजवा, डावा उजवा डावा. इथे स्ट्रेट एट्थ (बीटमध्ये दोन नोटा) आणि सिक्स्टीन्थपेक्षा (बीटमध्ये चार) एक मोठा फरक आहे, तिथे बीटवर कायम एकच हात येतो, इथे हात दर बीटला बदलतो, एकदा उजवा, एकदा डावा. ट्रिपलेट लंगडी वाटते त्याचं निम्मं कारण हेच, डाव्या हाताला बीटवर ठाम पडायची सवयच नसते. म्हणून आधी सगळ्या नोटा एकाच आवाजात वाजवा, मग "त" वर ॲक्सेंट (उठाव) द्या, आणि डाव्या हाताचा ॲक्सेंट उजव्याइतकाच ठसठशीत येतोय का ते कान देऊन ऐका. आवाज कमी वाटला तर जोर वाढवू नका, स्टिकची उंची बघा, दोन्ही स्टिक सारख्याच उंचीवरून खाली आल्या पाहिजेत, आणि ॲक्सेंट नसलेल्या नोटा पॅडपासून जेमतेम दोन बोटं वर. मग ॲक्सेंट "कि" वर न्या, मग "ट" वर. प्रत्येक जागी चार-चार बार करा आणि मध्ये न थांबता पुढच्या जागी जा.

याच सिंगल स्ट्रोकमधून एक फार सुंदर गोष्ट फुकट मिळते. हात तसेच चालू ठेवा, पण डावा मांडीवर मारा, आवाज फक्त उजव्याचा येऊ द्या. जे ऐकू येईल ते म्हणजे दोन बीटमध्ये समान अंतरावर तीन नोटा, पहिल्या बीटचा "त", पहिल्याचाच "ट", आणि दुसऱ्या बीटचा "कि". हीच क्वार्टर नोट ट्रिपलेट, जिला सगळे घाबरतात, जिथे अंदाजाने "दोनात तीन" बसवायला जाऊन गडबड होते. अंदाज करायची गरजच नाही, ती तुमच्या उजव्या हातात आधीपासून आहे. उजवा फ्लोअर टॉमवर आणि डावा स्नेअरवर एकदम हळू ठेवून वाजवा, थोड्या वेळाने डाव्याचा आवाज शून्यावर आणा.

यानंतरचा व्यायाम रोज केलाच पाहिजे असं माझं मत आहे. ६० लाच एक बार एट्थ, एक बार ट्रिपलेट, एक बार सिक्स्टीन्थ, परत ट्रिपलेट, परत एट्थ, असं फिरत राहायचं. गडबड नेहमी बदलाच्या पहिल्या बीटला होते, सिक्स्टीन्थवरून ट्रिपलेटवर उतरताना हात जुन्याच स्पीडने एक-दोन नोटा जास्त मारतो आणि मग उरलेल्या वेळात थांबून भरपाई करतो, त्यामुळे ट्रिपलेट "टट-ट" अशी दोन जवळ एक लांब अशी पडते. उपाय एकच, नवीन बार यायच्या एक बीट आधी नवीन मोजणी तोंडाने सुरू करा, हात जुनं वाजवत असतानाच. सुरुवातीला डोकं गरगरतं, मग सोपं जातं. मेट्रोनोम ॲपमध्ये ट्रिपलेटचे तिन्ही क्लिक ऐकू येतील असं सेटिंग असतं, पहिल्यांदा ते चालू ठेवून तपासा पण त्यावर अवलंबून राहू नका, लवकरात लवकर फक्त बीटचा क्लिक ठेवा.

आता शफल. उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघड-बंद होणारी झांजांची जोडी):

त - ट | त - ट | त - ट | त - ट

स्नेअर बीट २ आणि ४ वर, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) १ आणि ३ वर. ८० ते ९० बीपीएम बरं पडतं. आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं, "त" आणि "ट" ही जोडी समजू नका. "ट" हा पुढच्या "त" चा आहे. जोडी अशी बांधा, "ट-त, ट-त, ट-त", म्हणजे "ट" हलका आणि लगेच त्यातून पुढच्या बीटवर वजन. हाताची हालचाल पण तशीच होऊ द्या, हलक्या "ट" ला मनगट वर उचललं जातंय आणि "त" ला स्टिक खाली येतेय, एका झोक्यात दोन नोटा, आणि दोन झोक्यांच्या मध्ये जो श्वास आहे ना, तिथे "कि" बसलेला असतो. दोन्ही नोटा वेगवेगळ्या ताकदीने मुद्दाम मारायला गेलात तर दहा मिनिटांत हात भरून येतो, झोका बसला की तासभर वाजवलं तरी काही होत नाही. ज्यांचा शफल ताठ वाटतो त्यांच्यात बहुतेकदा दोन्ही नोटा सारख्याच जोरात पडत असतात.

जॅझ स्विंगमध्ये राइडवर (मोठ्या सिंबलवर) हेच अर्धं होतं:

त - - | त - ट | त - - | त - ट

डाव्या पायाने हाय-हॅट २ आणि ४ वर बंद करायची, ती चिक अशी कोरडी वाजली पाहिजे. किक ठेवायचीच असेल तर चारही बीटवर, पण इतकी हळू की ऐकू येण्यापेक्षा जाणवली पाहिजे. हे स्थिर झालं की डावा हात स्नेअरवर आणा आणि टाळ्यांचाच व्यायाम परत करा, एक बार फक्त "ट" वर स्नेअर, एक बार फक्त "कि" वर, बाकी राइड आणि पाय जसेच्या तसे. "ट" वर राइड आणि स्नेअर एकत्र येतात तिथे दोन्ही आवाज एकच ऐकू यायला हवेत, किंचित फुटले तरी लगेच कळतं. "कि" वरचा स्नेअर राइडच्या पोकळीत एकटा पडतो, तो जमला की समजा काम झालं.

मेट्रोनोमशी आता जरा वेगळं वागा. १२० ला वाजवायचंय तर मेट्रोनोम ६० ला लावा आणि क्लिक २ आणि ४ चा आहे असं मानून त्यात शिरा, म्हणजे १ आणि ३ तुमचे तुम्हालाच द्यायचेत. हे आलं की त्याहून अवघड, क्लिक "ट" वर आहे असं मानून वाजवायचं. सुरू करताना क्लिकबरोबर "ट-त, ट-त" म्हणत राहा, क्लिक "ट" ला, लगेच पुढे तुमचा "त", आणि जीभ स्थिर झाली की हात सुरू करा. थोड्याच वेळात कान फसतो आणि क्लिक परत बीट वाटायला लागतो, तेव्हा थांबून परत म्हणण्यापासून सुरुवात. या एका व्यायामाने "ट" ची जागा जितकी पक्की होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

बरं, इतका वेळ आपण "ट" बरोबर तिसऱ्या भागावर धरला, म्हणजे अंतराचं प्रमाण दोनास एक. पण खरा स्विंग गणितात अडकून राहत नाही आणि यात टेम्पोचा मोठा हात आहे. ६० ला "ट" पासून पुढच्या बीटपर्यंत साधारण ३३३ मिलिसेकंद मिळतात, १२० ला १६७, आणि २४० ला फक्त ८३. इतक्या कमी वेळात "ट" ला मागे धरून ठेवता येत नाही, म्हणून फास्ट टेम्पोत चांगले जॅझ ड्रमर्स पण राइड जवळजवळ स्ट्रेट वाजवतात आणि तरी ते स्विंगच वाटतं, कारण वजन कुठे द्यायचं ते ठरलेलं असतं. हळू टेम्पोत उलट, "ट" दोनास एकपेक्षा पण उशिरा गेला तरी चालतो, छान जड वाटतो. ड्रम मशीन वापरणाऱ्यांना हे आकड्यांत माहिती असेल, रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ पासून मशीनमध्ये स्विंगचं सेटिंग आलं, ५० टक्के म्हणजे स्ट्रेट, साधारण ६६-६७ म्हणजे बरोबर ट्रिपलेट, ७५ म्हणजे डॉटेड, तीनास एक. सॉफ्टवेअरमध्ये एक हाय-हॅट लूप करा आणि ५४, ५८, ६२, ६६ असं बदलत प्रत्येकाबरोबर पाच मिनिटं वाजवा, कानाला या मधल्या जागा पण असतात हे त्याशिवाय पटत नाही. पण हे ट्रिपलेट पक्की झाल्यावरच. आधीच मधल्या जागा शोधायला गेलात तर ती स्टाइल होत नाही, नुसता ढिलेपणा होतो.

हाफ-टाइम शफलवर मात्र जास्त वेळ द्या, कारण तिथे "कि" शेवटी वाजतो. अमेरिकन ड्रमर बर्नार्ड पर्डी यांच्या नावाने हा पर्डी शफल म्हणून ओळखला जातो. उजवा हात हाय-हॅटवर आधीसारखाच "त - ट", डावा हात स्नेअरवर प्रत्येक "कि" ला घोस्ट नोट (अगदी हळू वाजवलेली), आणि बॅकबीट (स्नेअरचा मोठा ठोका) फक्त ३ वर. म्हणजे दोन्ही हात मिळून सलग "त कि ट" पूर्ण करतायत. किक सुरुवातीला फक्त १ वर ठेवा. अडचण कुठे येते ते सांगतो, ३ वर डाव्याने मोठा बॅकबीट मारला की लगेच पुढच्याच भागावर, त्याच डाव्याने, एकदम बारीक घोस्ट नोट टाकायचीय. बॅकबीटनंतर स्टिक उसळून वर गेली तर घोस्ट जोरात पडणार किंवा उशिरा येणार. त्यामुळे बॅकबीट मारला की स्टिक स्नेअरजवळच थांबवायची, बोटं क्षणभर घट्ट, मग सोडायची आणि घोस्ट नुसती पडू द्यायची. फक्त तेवढाच तुकडा, ३ चा "त कि", वेगळा काढून ५० बीपीएमला घासा. बॅकबीटच्या आधी २ च्या "कि" वर पण घोस्ट आहे, तिथून स्टिक वर न्यायला एकच मोकळा भाग मिळतो, तो २ चा "ट", तेव्हा हात तिथेच उचलायचा. घोस्ट किती हळू, तर हाय-हॅटच्या खाली. त्या काढून टाकल्या तर काहीतरी गेलं असं वाटावं, पण चालू असताना मोजता येऊ नयेत.

रोलचं, म्हणजे ग्रूव्हच्या (चालू तालाच्या) शेवटी मारायच्या फिलचं, राहिलं. ग्रूव्ह छान स्विंग चाललाय आणि चौथ्या बारला रोल आला की हात सवयीने सिक्स्टीन्थ मारतात, हे फार जणांचं होतं. रोलमध्ये पण पायाची हाय-हॅट २ आणि ४ वर चालूच ठेवा आणि रोल ट्रिपलेटचाच मारा. सुरुवातीला उजवा, डावा, किक, एवढंच सलग चार बीट, किक "ट" वर पडते आणि ती मागे राहायला बघते, म्हणून हातांच्या दोन नोटा घाईत उरकू नका. मग त्यात एक किक वाढवा, उजवा, डावा, किक, किक, हा चार नोटांचा तुकडा ट्रिपलेटच्या चालीतच तीनदा वाजवा. बारमध्ये ट्रिपलेटच्या नोटा बारा, त्यामुळे तीन तुकड्यांत बार बरोबर पूर्ण होतो, पण तुकड्याची सुरुवात पहिल्या बीटच्या "त" वर, दुसऱ्याच्या "कि" वर, तिसऱ्याच्या "ट" वर अशी सरकत जाते. ऐकायला भारी वाटतं, आणि तोंडाने "त कि ट" चालू नसेल तर दुसऱ्याच तुकड्यात हरवायला होतं, म्हणून आधी हळू, म्हणत म्हणत, आणि तीन बार ग्रूव्ह, एक बार रोल असं फिरवून प्रत्येक वेळी पुढच्या १ वर क्रॅश सिंबल क्लिकच्या बरोबर पडतोय का ते फोनवर रेकॉर्ड करून ऐका.