ओएसपीएफ 'एक्सस्टार्ट'वरच अडकलं तर

दोन राउटरमध्ये पिंग जातं, ओएसपीएफचा (राउटरनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) शेजारी राउटर दिसतो, पण स्थिती 'फुल' (जुळणी पूर्ण) होत नाही. 'एक्सस्टार्ट' किंवा 'एक्सचेंज' या मधल्या टप्प्यावरच घुटमळते. इथे कारण निघालं एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार: एका टोकाला १५०० बाइट, दुसऱ्याला १४९२. शेजाऱ्याला ओळख देणारं हॅलो पॅकेट लहान, ते सहज पोचतं. पुढच्या डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमध्ये (आपल्याकडच्या माहितीची यादी) मात्र इंटरफेसचा एमटीयू लिहिलेला असतो. तो आपल्यापेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट टाकून देतो, आणि गाडी तिथेच थांबते.

दोन्हीकडे १४९२ केल्यावर 'फुल' आलं. 'एमटीयू-इग्नोर' (एमटीयूची तपासणी वगळणारी सेटिंग) लावूनही शेजारी जुळतो, पण मोठी पॅकेट पुढे गळण्याचा धोका तसाच राहतो. ती मलमपट्टी मी टाळतो.

शेजारी मुळीच दिसत नसेल तर एमटीयूच्या मागे लागू नका. एरिया (ओएसपीएफ नेटवर्कचा विभाग) क्रमांक, सबनेट मास्क आणि हॅलो-डेड वेळा (दर किती वेळाने हॅलो पाठवायचं आणि किती वेळ ते न आल्यास शेजारी गेला असं मानायचं; इथरनेटवर सहसा १० आणि ४० सेकंद) दोन्हीकडे सारख्या हव्यात. राउटर आयडी मात्र वेगवेगळे. इंटरफेस चुकून पॅसिव्ह (हॅलो न पाठवणारा) ठेवलेला नाही ना, तेही बघा. फायरवॉलमध्ये आयपी प्रोटोकॉल ८९ मोकळा करा. टीसीपी किंवा यूडीपीचं पोर्ट उघडून उपयोग नाही, ओएसपीएफ थेट आयपीवर चालतं.