व्हीआर सीनमध्ये माणूस बसवताय? या चुका टाळा

मी व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून शिरायच्या आभासी जगात, सरावाचे सीन बनवतो. नोकरीची मुलाखत, स्टेजवरचं भाषण, काउंटरवर भांडणारं गिऱ्हाईक, असले. नवीन आलेली पोरं एखादा तयार माणूस डाउनलोड करतात, खुर्चीत बसवतात आणि तासाभरात ‘सर, झालं’ म्हणतात. कसलं झालं? टेबल ठेवलंत तर ते टेबलच राहतं. माणूस ठेवला की हेडसेट घातलेला माणूस वेगळा वागायला लागतो.

टक लावून बघणारे साहेब

ही माझी नावडती चूक, कारण ती मीही केलीय. एका प्रशिक्षण संस्थेसाठी मुलाखतीचा सीन होता, टेबलापलीकडे तिघं. मधल्या साहेबांची नजर आमच्या पोरानं कॅमेऱ्याला बांधून टाकली: तुम्ही डोकं हलवाल तिकडे त्यांचे डोळे. शिवाय मॉनिटरवर ते लहान दिसतात म्हणून त्यांना ओढून सत्तर सेंटिमीटरवर आणलं. स्क्रीनवर झकास दिसत होतं. मीही मान डोलावली.

दाखवायच्या दिवशी पहिलीच उमेदवार हेडसेट चढवून बसली. उत्तरं छान देत होती, पण पायांनी चाकाची खुर्ची हळूहळू मागे रेटत होती. तिला पत्ताच नाही. तिसऱ्या प्रश्नाला खुर्ची धाडकन कपाटावर! हेडसेट काढून म्हणाली, “अहो, ते मधले सर डोळेच मिटत नाहीत.”

यात नवल काहीच नाही. जेरेमी बेलेन्सन आणि जिम ब्लास्कोविच या संशोधकांनी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत हे २००० नंतरच्या काही वर्षांत तपासलं होतं. आभासी माणसाभोवती चालायला सांगितलं, तर लोक त्याच्या पाठीमागून जाताना जेवढं अंतर ठेवतात, त्याहून जास्त तोंडासमोरून जाताना ठेवतात. फेब्रुवारी २०२२मध्ये फेसबुकवाल्या मेटानं आपल्या होरायझन या व्हीआर जगातल्या अवतारांमध्ये, म्हणजे लोकांच्या आभासी देहांमध्ये, साधारण चार फुटांची अदृश्य मर्यादा घातली, तीही लोक एकमेकांच्या अंगावर जायला लागले म्हणूनच.

माझी सवय आता अशी: समोरचा माणूस दीड मीटरवर. दोन-तीन सेकंद बघेल, मग फाइलमध्ये डोकं घालेल, मग पुन्हा वर. पापण्या मिनिटाला पंधरा-वीसदा, पण घड्याळासारख्या ठोक्यावर नाहीत. आणि मी स्वतः हेडसेट घालून दहा मिनिटं बसल्याशिवाय सीन बाहेर जात नाही. मॉनिटरवर बघून पास करणं म्हणजे वासावरून भाजीचं मीठ ठरवणं.

‘खोटंच तर आहे!’

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. २००६ साली मेल स्लेटर हे व्हीआर संशोधक आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमचा जुना विजेच्या झटक्यांचा प्रयोग (उत्तर चुकलं की समोरच्याला झटका द्यायला सांगायचं आणि माणूस कुठवर ऐकतो ते बघायचं) आभासी बाईवर केला. बाई उघडउघड संगणकी, झटके खोटे, हे सगळ्यांना ठाऊक. तरी ज्या २३ जणांना ती दिसत आणि ऐकू येत होती, त्यांतल्या सहा जणांनी सगळे झटके दिलेच नाहीत. ज्या ११ जणांशी ती फक्त मजकुरातून बोलत होती, त्यांनी सगळेच्या सगळे दिले. डोक्याला माहीत असतं, अंगाला नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी जांभया देणारे, तोंड फिरवणारे श्रोते टाकू नका. भाषणाची भीती नसलेला माणूसही तशा आभासी सभेपुढे अस्वस्थ होतो. ‘एकदम कठीणच देऊ, लवकर शिकतील’ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः उभं राहावं.

चेहरा महाग, हालचाल स्वस्त

कातडीवरची छिद्रं दिसणारा चेहरा घ्यायचा आणि डोळे वाटेल तसे भिरभिरू द्यायचे, याहून साधा कार्टून चेहरा बरा. चेहरा जितका खरा, तितकं वागणंही खरं लागतं. जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरींनी १९७०मध्येच इशारा देऊन ठेवलाय: जवळजवळ खऱ्या, पण पुरत्या खऱ्या नसलेल्या आकृत्या बघून माणूस बिचकतो. पैसे डोळे, मान आणि आवाजावर घाला.

आणखी काही, पटापट

उंची मोजा. नाहीतर साहेब उमेदवाराच्या कपाळाशी बोलत बसतात.

तिघांना एकच अ‍ॅनिमेशन दिलंत, तर प्रत्येकाचं वेगळ्या फ्रेमपासून सुरू करा. तिघं एकदम मान डोलवायला लागले की मुलाखतीची कवायत होते.

आभासी माणसाला वापरणाऱ्याच्या अंगातून आरपार जाऊ देऊ नका. कधीच.

हेडसेट घालण्याआधी थांबायचं बटण बोटाला लावून दाखवा.

त्या कपाटवाल्या मुलीला आम्ही दुरुस्त केलेला सीन दाखवायला परत बोलावलं. खुर्ची जागची हलली नाही, मी खूश. हेडसेट काढल्यावर ती जरा गप्पच होती. मग म्हणाली, “डावीकडच्या मॅडमनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. काही चुकलं का माझं?”

मधल्या साहेबांच्या नादात मॅडमना नजरेची स्क्रिप्ट लावायचीच राहिली होती.