नीटचं वेळापत्रक दिवाळीपर्यंतच का टिकतं? खेड्यातून घरीच तयारी करणाऱ्यांनी या चुका टाळा

जून लागला की तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासाचं एक वेळापत्रक गावोगाव पोचतं. पहाटे ४ ते ६ फिजिक्स, ८ ते १२ बायोलॉजी, दुपारी केमिस्ट्री, रात्री ११ पर्यंत रिव्हिजन. कोट्याच्या नाहीतर लातूरच्या कुण्या पोराचं असतं ते. त्या पोराला मेसचा डबा मिळतो, त्याच्या खोलीत लाइन असते आणि त्याचं वावर तीनशे किलोमीटर दूर असतं. आपल्याकडे हाच कागद भिंतीवर लागतो आणि सोयाबीन सोंगायला आलं की मोडतो. मग पोरगं म्हणतं, "सर, माझ्यानं होत नाही." होत नाही ते वेळापत्रकामुळे, पोराचा त्यात दोष नसतो.

वर्षाचे सगळे आठवडे सारखे धरणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे. ज्या घरी शेती आहे तिथं दसरा-दिवाळीच्या आसपास सोंगणी असते, तिथून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी चालते. भंडारा-गोंदियाकडे तेव्हा धानाची कापणी असते. माय म्हणणारच, "बाबू, एक पात वेचून दे, मंग बस अभ्यासाले." तिला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये, मजूर मिळत नाही हे तुम्हालाही दिसतं. गहू-हरभऱ्याच्या ओलिताला लाइन रात्रीची असली की बापाच्या मागं टॉर्च धरून जावं लागतं. त्या रात्रीनंतर पहाटे चारचा गजर लावला तर झोपही जाते आणि फिजिक्सही.

म्हणून आधी रोजचं नाही, वर्षाचं वेळापत्रक करा. पंचांगाचं कॅलेंडर खाली घ्या आणि घरच्यांसोबत बसून कामाच्या आठवड्यांवर खूण करा. आता हिशेब पाहा. एनसीईआरटी म्हणजे शाळेची पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था. तिच्या नव्या पुस्तकांत अकरावी-बारावी मिळून बायोलॉजीचे 32, फिजिक्सचे 28 आणि केमिस्ट्रीचे 19, असे 79 धडे आहेत. जुलै ते डिसेंबर हे 26 आठवडे. त्यातले चार शेतीचे वजा केले तर 22 उरतात, म्हणजे आठवड्याला साडेतीन धडे. बारावीत आल्यावर अकरावीचंही सगळं बाकी असलेल्या मुलाला हा वेग झेपेलच असं नाही. त्यानं जानेवारीही हिशेबात धरावा, पण त्याच सुमारास कॉलेजची प्रात्यक्षिकं सुरू होतात. पुढं फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाचे पेपर आणि मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास नीट. उशिरा जाग आलेल्याला हे गणित निर्दय वाटतं, पण ते जूनमध्येच कळलेलं बरं.

कामाच्या आठवड्यांत अभ्यास बंद ठेवायचा नाही, कमी करायचा. रोज दोन तास, तेही फक्त बायोलॉजीचं वाचन आणि झालेल्या धड्यांचे प्रश्न. फिजिक्सची गणितं थकल्या डोक्यानं सुटत नाहीत, ती पेरणीनंतरच्या मोकळ्या दिवसांत आणि श्रावणात उरकून घ्या.

पोरींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. त्यांचे सकाळ-संध्याकाळचे तास चुलीजवळ जातात आणि ते कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेले नसतात. घरच्यांशी बोलून निदान सकाळचे दोन तास पक्के करून घ्या. भावाला पाणी भरता येतं.

तास मोजणं

"काल नऊ तास बसलो." बरं, पण सोडवलं काय? वहीत तास लिहू नका, काम लिहा: "गतीचे नियम, घर्षणाची 25 गणितं" किंवा "मानवी प्रजनन, आकृत्यांसह एक वाचन, 60 प्रश्न". लाइन गेली, पाहुणे आले, तरी काम तिथंच असतं आणि किती उरलं ते कळतं. तास गेला तो गेलाच.

भावाची जुनी पुस्तकं डोळे मिटून वाचणं

जुनी पुस्तकं वापरायला हरकत नाही, पण अभ्यासक्रम बदललेला आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नीट 2024 साठी नवा अभ्यासक्रम लावला आणि केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स असे धडे गेले. जुनं पुस्तक घेऊन बसलेला मुलगा हे धडे पाठ करत असतो.

नवी पुस्तकं घेणाऱ्याची फसगत उलट बाजूनं होते. एनसीईआरटीच्या नव्या आवृत्तीतून केमिस्ट्रीतले पी-ब्लॉकचे धडे काढले आहेत, पण आयोगाच्या अभ्यासक्रमात आवर्तसारणीतल्या 13 ते 18 गटांचं हे पी-ब्लॉक आहे. बायोलॉजीत वनस्पतींची पाच कुळंही वाढवली आहेत: मालव्हेसी, क्रुसीफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी. म्हणजे पी-ब्लॉकसाठी भावाचं जुनं पुस्तक लागेल आणि बाकी बऱ्याच गोष्टींसाठी नवं. अभ्यासक्रमाची पीडीएफ एकदा छापून घ्या आणि तीच अनुक्रमणिका समजा. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

त्या पाच कुळांसाठी क्लास लावायची गरज नाही. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, फूल तोडून उभं चिरा. पुंकेसरांचे तंतू जुळून झालेली एकच नळी आणि तिच्या आतून वर आलेला कुक्षीवृंत डोळ्यांना दिसतो. ते मालव्हेसी. बांधावरची तूर लेग्युमिनोसी, ज्वारी ग्रॅमिनी, मोहरी क्रुसीफेरी, दाराशी लावलेला झेंडू कंपोझिटी. शहरातलं पोरगं हे फोटोवरून पाठ करतं.

मागं पडलेलं सगळं रविवारी भरून काढू म्हणणं

रविवारी आठवडी बाजार असतो, लग्न असतं, नाहीतर झोप असते. बाकीचा डोंगर वाढतो, मग पोरगं वेळापत्रकच फाडतं आणि नवं करतं. नवं वेळापत्रक करण्यात एक दिवस छान जातो, हा त्यातला खरा धोका.

आठवड्यातला अर्धा दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. मागं पडलेलं त्यात मावलं तर ठीक. नाही मावलं तर पुढचा आठवडा ठरल्या धड्यापासूनच सुरू करा आणि उरलेला धडा शेवटच्या पानावरच्या यादीत टाका. ती यादी दिवाळीनंतर पाहा. पण कुठला धडा सोडायचा हे गुणांवरून ठरवा: 720 पैकी 360 गुण एकट्या बायोलॉजीचे आहेत. पोरं मात्र फिजिक्सच्या भीतीनं सगळा वेळ तिकडं ओततात आणि हातातले गुण सोडतात.

सराव परीक्षा मोबाइलवर देणं

2025 पासून नीटमध्ये 180 प्रश्नांना 180 मिनिटं आहेत. पर्यायी प्रश्न गेले आणि 2022 ते 2024 मध्ये मिळालेली जादा 20 मिनिटंही गेली. ओएमआरवर, म्हणजे उत्तराच्या छापील कागदावर, पेनानं गोळा भरायला वेळ लागतो आणि भरलेला गोळा खोडता येत नाही. मोबाइलवर टिचकी मारून हा सराव होत नाही. कोऱ्या ओएमआर झेरॉक्स करून आणा, काळा बॉलपेन घ्या, आणि दुपारी २ ते ५ याच वेळेत बसा, कारण 2025 चा पेपर याच वेळेला होता. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत डोकं चालत नाही म्हणून पहाटे पेपर सोडवणाऱ्याला मेमध्ये तीच दुपार पहिल्यांदा भेटते. जेवण हलकं ठेवा, माठातलं पाणी जवळ असू द्या.

पेपर तपासल्यावर चुकलेल्या प्रश्नापुढं नुसतं "चुकलं" लिहू नका, कारण लिहा. "मिलिलिटरचं लिटर केलं नाही." "प्रश्नातला 'नाही' वाचलाच नाही." "धडा वाचलाच नव्हता." तिन्हींचा इलाज वेगवेगळा आहे आणि पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक याच यादीतून निघायला हवं. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ कापला जातो. दोन पर्याय नक्की बाद करता आले तर उत्तर द्या. एकही बाद होत नसेल तर पुढं सरका.

फॉर्ममधली घाई

दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं म्हणून काही जण फॉर्ममध्ये मराठी पेपर निवडतात. तो मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेला असतो, आणि शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो. अकरावी-बारावी इंग्रजीतून वाचलं असेल तर इंग्रजीच निवडा, कारण मराठी पारिभाषिक शब्द ऐन पेपरात परके वाटतात. निवड करण्याआधी एक सराव पेपर मराठीतून सोडवून पाहा.

परीक्षा केंद्र बहुतेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी येतं. 2025 मध्ये दुपारी दीडला फाटक बंद होत होतं आणि रविवारी गावातली एसटी वेळेवर येईलच असं नाही. नातेवाईक असतील तर शनिवारीच मुक्कामाला जा, नाहीतर गावातली दोन-तीन मुलं मिळून गाडी ठरवा. प्रवेशपत्रावरचे कपड्यांचे नियम आदल्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा.