तीव्र कर्णनादासाठी औषध घ्यावे का? गोळी सुरू करण्यापूर्वी मांडायचा हिशेब

बाहेर कुठेही आवाज नसताना कानात अहोरात्र शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यांची किरकिर ऐकू येणे म्हणजे कर्णनाद, अर्थात टिनिटस. बहुतेकांच्या बाबतीत तो काही महिन्यांत मागे पडतो आणि आठवण झाली तरच जाणवतो. ज्यांची झोप, काम आणि मनःस्वास्थ्य या आवाजाने पोखरले आहे, त्यांनी ‘काहीतरी गोळी द्या’ असे म्हणणे स्वाभाविक आहे. मात्र केवळ कर्णनाद थांबवण्यासाठी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. चिठ्ठीवर जे नाव येते ते मुळात चक्कर, नैराश्य, चिंता, अपस्मार किंवा मज्जातंतूंच्या वेदना यांपैकी कशासाठी तरी तयार झालेले असते. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा : हे औषध आवाज कमी करण्यासाठी आहे, की आवाजामुळे माझे जे हाल होत आहेत ते कमी करण्यासाठी? पुढचा सगळा हिशेब या उत्तरावर अवलंबून आहे.

त्याआधी काही परिस्थिती वेगळ्या काढल्या पाहिजेत, कारण तिथे सावकाश विचार करत बसणे हेच धोक्याचे ठरते. एका कानाचे ऐकणे अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झाले असेल आणि सोबत आवाज सुरू झाला असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. अशा बहिरेपणात दिली जाणारी स्टेरॉइड्स पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितक्या लवकर तितकी, उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज, एकाच कानात टिकून राहिलेला आवाज, चेहऱ्याचा लुळेपणा किंवा तीव्र भोवळ यांची आधी तपासणी हवी. आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील तर कानाच्या उपचाराची वाट पाहू नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा आणि मनोविकारतज्ज्ञांना तातडीने भेटावे.

नवे औषध घेण्याआधी जुनी औषधे तपासणे हे काम अनेकदा राहून जाते. घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, अगदी आयुर्वेदिक चूर्णे आणि सांधेदुखीच्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. मोठ्या मात्रेतील अ‍ॅस्पिरिन, क्विनीन, फ्युरोसेमाइड, जेंटामायसिन व अमिकासिनसारखी इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिसप्लॅटिन ही औषधे कर्णनाद निर्माण करू शकतात. अ‍ॅस्पिरिनमुळे आलेला आवाज मात्रा कमी केल्यावर सहसा जातो; अमिकासिन किंवा सिसप्लॅटिनने कानाला पोहोचलेली इजा मात्र बहुधा कायमची असते. तरीही यांपैकी कोणतेही औषध मनाने बंद करू नये. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी कानाच्या भीतीने सोडणे हा फार महागात पडणारा व्यवहार आहे.

आता आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर नेहमी दिसणाऱ्या औषधांकडे वळू. बीटाहिस्टीन हे चक्कर आणि मेनियर विकार (भोवळ, बहिरेपणा व कर्णनाद एकत्र आणणारा आतल्या कानाचा आजार) यांसाठी वापरले जाते. उपचारांच्या मार्गदर्शिका तयार करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने मार्च २०२० च्या मार्गदर्शिकेत ते केवळ कर्णनादासाठी देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. अपाय थोडा आहे, पण अपेक्षित लाभही तितकाच थोडा. दमा किंवा पोटातील अल्सर असलेल्यांनी तर ते आणखी जपून घ्यावे. कॅरोव्हेरिनबद्दल १९९७ मध्ये ऑस्ट्रियातून शिरेतून दिलेल्या मात्रेचे उत्साहवर्धक निष्कर्ष आले होते, ते नंतरच्या अभ्यासात टिकले नाहीत. गिंको बिलोबा ‘वनस्पतीजन्य’ असल्याने निरुपद्रवी समजले जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये गिंको, मेलाटोनिन आणि जस्ताची पूरके यांची शिफारस करू नये असे सांगितले. दीर्घकालीन कर्णनादावर नैराश्यरोधक, अपस्माररोधक आणि चिंताशामक औषधे सरसकट देण्यासही तिने विरोध केला.

मग तज्ज्ञ ही औषधे का देतात? कारण ‘सरसकट नको’ याचा अर्थ ‘कोणालाच नको’ असा होत नाही. तीव्र कर्णनादाबरोबर खरोखरीचे नैराश्य किंवा चिंताविकार असेल, तर त्या विकाराचा उपचार आवाजाच्या उपचारापेक्षा अधिक फलदायी ठरतो. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन यांसारख्या नैराश्यरोधक औषधांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. हे आधी माहीत नसेल तर रुग्ण आठव्या दिवशी गोळी टाकून देतो. पंचवीस वर्षांखालील व्यक्तींमध्ये सुरुवातीला आत्मघाताच्या विचारांवर विशेष लक्ष ठेवावे लागते, तर ज्येष्ठांमध्ये रक्तातील सोडियम घटू शकते. काही रुग्णांना याच औषधांमुळे कर्णनाद वाढल्याचे जाणवते, त्यामुळे तशी वाढ झाल्यास ती मनाचा खेळ म्हणून झटकून न टाकता डॉक्टरांना कळवावी.

वयाचा प्रश्न किती निर्णायक असतो हे अमिट्रिप्टिलिन या जुन्या नैराश्यरोधक औषधाच्या बाबतीत स्पष्ट दिसते. समजा, रात्री झोप यावी म्हणून हे औषध सुचवलेल्या गृहस्थांचे वय अडुसष्ट आहे, त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे आणि काचबिंदूचे थेंब चालू आहेत. तरुणाला जिथे फक्त तोंड कोरडे पडेल, तिथे यांची लघवी अडू शकते, डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि पहाटे शौचालयाकडे जाताना तोल जाऊ शकतो. म्हणून दुष्परिणामांची छापील यादी वाचून घाबरण्याऐवजी स्वतःच्या आजारांची यादी काढावी आणि ‘यांतल्या कशाशी या गोळीचे पटत नाही?’ असे विचारावे.

सर्वांत अधिक सावधगिरी बेन्झोडायझेपिन या चिंता शमवणाऱ्या व झोप आणणाऱ्या औषधांच्या गटाबाबत हवी, म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम यांच्याबाबत. या गोळीने पहिल्याच रात्री झोप लागते आणि आवाज दूर गेल्यासारखा वाटतो, आणि नेमकी हीच तिची अडचण आहे. काही आठवड्यांत शरीर तिला सरावते, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते आणि अचानक बंद केल्यास निद्रानाश, घबराट, क्वचित झटके, शिवाय कर्णनादात वाढ अशी लक्षणे उद्भवतात. रुग्णाला वाटते की मूळ दुखणे उफाळले, म्हणून तो गोळी पुन्हा सुरू करतो. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर हा गट श्वास मंदावू शकतो. आपल्या बाजारात एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकाच गोळीत असलेली संयुक्त औषधे सर्रास मिळतात. त्यांच्या नावापुढे बहुधा ‘प्लस’ असे काहीतरी जोडलेले असते. पाकिटाच्या मागील बाजूची बारीक अक्षरे, गरज पडल्यास भिंग घेऊन, वाचावीत. आपण क्लोनाझेपाम घेत आहोत हे महिनोन्‌महिने ठाऊकच नसणे हा रुग्णाचा दोष नव्हे, पण त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. माझ्या मते या गटाला जागा आहे ती अत्यंत बिकट काळापुरती, मोजक्या दिवसांसाठी, आणि थांबवण्याची तारीख पहिल्याच चिठ्ठीवर लिहून घेऊन.

लाभ झाला की नाही हे ठरवताना स्मरणावर विसंबू नये. कर्णनाद मुळातच चढ-उतारांचा आहे. माणूस गोळी सुरू करतो ती त्रास कळसाला पोहोचला असताना, आणि त्यानंतर येणाऱ्या नैसर्गिक उताराचे श्रेय गोळीला मिळते. चाचण्यांमध्ये औषधविरहित गोळी घेणाऱ्या अनेकांनाही बरे वाटते, ते काही अंशी याचमुळे. यावर साधा उपाय म्हणजे ‘टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी’ ही पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली, ज्यात ‘होय’ला ४, ‘कधीकधी’ला २ आणि ‘नाही’ला ० गुण असतात. एकूण ५८ ते ७६ म्हणजे तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. औषधाआधी एकदा आणि ठरवलेल्या मुदतीनंतर पुन्हा ती भरावी; दोन-चार गुणांच्या फरकाला यश समजू नये. वहीत रोज रात्री झोपेचे तास आणि आवाजाचा त्रास दहापैकी किती, एवढेच लिहावे. दिवसभर आवाजाचीच नोंद घेत राहिल्यास लक्ष त्याच्यावरच खिळून राहते.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहायला हवे. ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणयंत्राने भोवतालचे आवाज परत येतात आणि आतला आवाज तुलनेने मागे सरतो. त्यासाठी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेची तपासणी, हवा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था यांसारख्या ठिकाणी ही तपासणी होते. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार व वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी पद्धत) या मानसोपचारावरील २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, २८ अभ्यास आणि २,७३३ सहभागी होते, आणि कर्णनादाचा जीवनमानावरील भार या उपचाराने कमी होतो असे त्यात दिसले. औषधांच्या बाजूने इतका पुरावा नाही. तरीही ज्याला चार रात्री झोप नाही त्याच्याकडून थेरपीचा गृहपाठ होणे कठीण असते, आणि तिथे थोड्या काळासाठी घेतलेले औषध थेरपीपर्यंत पोहोचण्याचे साधन ठरू शकते.

औषध घ्यायचे ठरल्यास डॉक्टरांच्या साक्षीने एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : उद्दिष्ट (उदाहरणार्थ, सलग पाच तास झोप), मुदत, कोणते दुष्परिणाम दिसल्यास लगेच फोन करायचा, आणि बंद कसे करायचे. मुदत संपली आणि उद्दिष्ट गाठले नाही तर मात्रा वाढवण्याआधी औषधाच्या गरजेचाच फेरविचार व्हावा. नैराश्यरोधक आणि बेन्झोडायझेपिन दोन्ही हळूहळू उतरवावी लागतात. दीर्घकाळ घेतलेल्या क्लोनाझेपामसाठी ही उतरण अनेक महिने चालू शकते. मात्रा उतरवताना आवाज वाढला तर तो त्या उतरणीचा परिणाम असण्याची शक्यता डॉक्टरांशी बोलावी, काही आठवडे त्याच मात्रेवर थांबावे आणि मग पुढचा तुकडा कमी करावा.