एकाच आठवड्यात एकाच कलाकाराची अनेक गाणी अग्रस्थानी : हा दावा कसा तपासावा

एखाद्या कलाकाराची पाच, दहा किंवा चौदा गाणी एकाच आठवड्यात लोकप्रियतेच्या यादीत शिखरावर पोहोचली अशी बातमी आली, की पाठोपाठ ‘बीटल्सचा विक्रम मोडला’ हे वाक्य येतेच (बीटल्स या ब्रिटिश गटाने १९६४ मध्ये एकाच यादीत पहिल्या पाचही जागा घेतल्या होत्या). ते वाक्य इतरांना ऐकवण्यापूर्वी त्या आठवड्यात नेमके काय मोजले गेले हे पाहावे. गाण्यांची संख्या त्यानंतर पाहावी. मी स्वतः कागदावर तीन रकाने आखतो: मोजणीचे दिवस, त्या काळचा नियम आणि गाणे स्वतंत्रपणे आले की अल्बमबरोबर.

पहिला रकाना सोपा आहे, परंतु ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकी यादीवर छापलेली तारीख मोजणीची नसते, हे ध्यानात ठेवावे. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ हा अल्बम शुक्रवारी, २१ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. त्या दिवसापासून पुढच्या गुरुवारपर्यंतची विक्री आणि ऑनलाइन ऐकणे मोजले गेले, आणि ज्या यादीत तिने पहिल्या दहाही जागा घेतल्या तिच्यावर ५ नोव्हेंबर ही तारीख पडली. शुक्रवारी आलेल्या अल्बमला असे पूर्ण सात दिवस मिळतात, मंगळवारी आलेल्याला तीनच.

खरा वेळ नियमाच्या रकान्यावर खर्च करावा. ४ एप्रिल १९६४ च्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती आणि ‘कान्ट बाय मी लव्ह’ अग्रस्थानी होते. हा योग जुळून आला तो कंपन्यांच्या चुकलेल्या अंदाजामुळे. कॅपिटल कंपनीने बीटल्सच्या आरंभीच्या तबकड्या नाकारल्या, म्हणून त्यांचे अमेरिकेतील हक्क व्ही-जे आणि स्वान अशा लहान कंपन्यांकडे गेले, आणि तेथे १९६३ मध्ये त्या तबकड्या जवळजवळ पडून राहिल्या. पुढे कॅपिटलने काढलेले गाणे गाजले, फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकी दूरचित्रवाणीवर दिसले, तेव्हा त्या लहान कंपन्यांनीही जुना माल पुन्हा बाजारात आणला. परिणामी एकाच गटाच्या तबकड्या एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. मात्र त्यांतील प्रत्येक तबकडीसाठी ग्राहकाला दुकानात जाऊन वेगळे पैसे मोजावे लागत होते.

डिसेंबर १९९८ पर्यंत स्वतंत्र ‘सिंगल’ म्हणून विक्रीस न आलेल्या गाण्याला या यादीत प्रवेशच नव्हता. तो निर्बंध उठला, आणि पुढे ऑनलाइन ऐकणेही मोजले जाऊ लागल्यावर अल्बममधील प्रत्येक गाणे उमेदवार झाले. अल्बम लावून स्वयंपाकघरात निघून गेलेला श्रोताही आता प्रत्येक गाण्याच्या खात्यात भर टाकतो. एप्रिल २०२४ मध्ये स्विफ्टच्या ३१ गाण्यांच्या अल्बमने पहिल्या चौदा जागा व्यापल्या, त्या अशाच व्यवस्थेत. म्हणून पाच आणि चौदा यांची थेट तुलना करू नये.

देश बदलला की नियमही बदलतो. मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश गायक एड शीरनची नऊ गाणी ब्रिटिश यादीच्या पहिल्या दहांत आली, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून तेथे मुख्य कलाकाराच्या तीनच गाण्यांना पहिल्या शंभरांत जागा मिळू लागली. हा निर्बंध मला योग्य वाटतो, परंतु त्यामुळे ब्रिटनमधील तीन गाणी अमेरिकेतील दहांपेक्षा कमी ठरवता येत नाहीत.

शेवटी यादीतील परकी, म्हणजे दुसऱ्या कलाकाराने घेतलेली जागा शोधावी. १८ सप्टेंबर २०२१ च्या हॉट १०० यादीत कॅनडाचा रॅपर ड्रेक याने पहिल्या दहांपैकी नऊ जागा घेतल्या. सहाव्या जागेवर मात्र द किड लरॉय आणि जस्टिन बीबर यांचे ‘स्टे’ टिकून होते. ते नव्या अल्बमच्या लाटेबरोबर आलेले नव्हते, आधीच्या आठवड्यांत ते स्वतःच अग्रस्थानी राहिलेले होते. त्या आठवड्यातील सर्वांत दणकट गाणे कोणते असे कोणी विचारल्यास मी त्या सहाव्या जागेकडे बोट दाखवीन.