ई-सायकल गाडीवर न्यायचीय? आधी तिचं वजन करा

मुंबईहून लोणावळ्याला ई-सायकल न्यायची असेल तर रॅकची किंमत नंतर बघा, आधी सायकलचं वजन करा. साधी सायकल १२-१५ किलोची असते, ई-सायकल सहज २० ते २५ किलो भरते. दोन न्यायच्या तर ५० किलो झाले! डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक मी तरी सुचवणार नाही. खंडाळ्याच्या घाटात खड्डा आला की सगळा हिसका त्या पट्ट्यांवर आणि पत्र्यावर बसतो. टपावरचा रॅक मजबूत असतो, पण एवढं वजन डोक्याच्या वर उचलायचं म्हणजे दोन माणसं हवीत. शिवाय पोडियम पार्किंगची, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या पार्किंगची, कमी उंची विसरू नका.

मागे टो-हिचला (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे बसवतात त्या जोडाला) बसणारा, सायकलची चाकं ज्यावर टेकतात तो प्लॅटफॉर्म रॅक सगळ्यांत बरा. हिचच्या वजनमर्यादेत सायकलींसोबत रॅकचंही वजन धरा. रॅकवर प्रत्येक सायकलसाठी वेगळी मर्यादा दिलेली असते, तीही वाचा. जाड टायर खाचेत बसतात का, हे दुकानातच बघा.

निघताना बॅटरी काढून गाडीत ठेवा, दोन-तीन किलो तिथेच कमी होतात. पावसाळ्यात बॅटरीची रिकामी खाच प्लॅस्टिकने झाका. नंबरप्लेट आणि मागचे दिवे मात्र उघडे दिसले पाहिजेत.