चिलर बंद पडला? ट्राउटसाठी बर्फाच्या बाटल्या

अमेरिकेतल्या शाळांत मुलं वर्गातल्या टाकीत अंड्यांपासून ट्राउट (थंड पाण्यातले मासे) वाढवतात आणि वसंतात ओढ्यात सोडतात. पाणी साधारण 10 ते 12 अंश सेल्सिअस लागतं. वीज गेली, चिलर (टाकीतलं पाणी थंड ठेवणारं यंत्र) थांबला की पंचाईत. (आणि वीज हटकून शनिवारीच जाते!)

1. दोन-तीन प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण भरून, बाहेरून साबणाशिवाय धुऊन फ्रीझरमध्ये कायम ठेवा.
2. चिलर थांबला की एक बाटली झाकण घट्ट लावून टाकीत तरंगत सोडा. वितळली की दुसरी. थर्मामीटर बघत राहा, पारा झपकन उतरू देऊ नका.
3. बॅटरीवरचा एअर पंप लावा. खाणं बंद.

बर्फाचे सुटे खडे मात्र टाकू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पिल्लांच्या जिवावर बेततं.